दांडीवरची जागा

१

श्यामकांत सावे यांनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नव्हती. सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे गेली. त्यामुळे असेल, पण समोर येईल त्यात खोट शोधायची त्यांना सवयच लागली होती. साधी चप्पल घ्यायची तरी दुकानदारांच्या नाकी नऊ आणायचे आणि शेवटी जुनीच शिवून घरी यायचे. म्हणून पोपटासाठी पिंजरा घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांच्या पत्नीने, प्रभाबाईंनी, कपाळाला हात लावला.

"रश्मीसाठी स्थळं बघताना एवढी चौकशी केली नव्हतीत हो," त्या म्हणाल्या.

"तिला दार उघडून बाहेर येता येतं," श्यामकांतराव म्हणाले. "याला येत नाही."

पक्षी रश्मीनेच आणला होता. ती वापीला नोकरीला. बाबा निवृत्त झाले, आईच्या जिल्हा परिषद शाळेपायी वेवजीला भाड्याच्या घरात येऊन राहिले आणि आई शाळेत गेली की दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. देशी पोपट पाळायला कायद्याने मनाई, म्हणून तिने परदेशी जातीचा आणला. अंगाने राखाडी, तोंड पिवळं, गालावर नारिंगी ठिपके आणि डोक्यावर असा काही ऐटबाज तुरा की श्यामकांतरावांनी बघताक्षणी त्याचं नाव 'पंत' ठेवलं. घरकामाला येणारी बुधी मात्र त्याला पोपट म्हणायला तयारच नव्हती.

"हिरवा नाय तो पोपट कसला, बाबा?" ती म्हणाली. "कबूतर हाय ते. कुनीतरी रंगवलाय."

पंत ज्या पिंजऱ्यातून आले तो म्हणजे तारेचा खोका होता. पंख पसरले की दोन्हीकडे घासायचे. तेव्हा मोठा पिंजरा हवा हे ठरलं आणि श्यामकांतराव खिशात मोजपट्टी घालून निघाले. तलासरीतला पिंजरा रंगवलेला होता. चोच मारली की रंग पोटात जाणार. उंबरगावातल्याचं दार वर सरकणारं; निसटलं तर थेट मानेवर. वापीचा एक मनासारखा होता, पण गोल. गोल पिंजऱ्यात पक्ष्याला कोपरा मिळत नाही आणि तो बावचळतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. डहाणू स्टेशनबाहेरच्या हार्डवेअरवाल्याने त्यांना सगळा माल काढून दाखवला, सगळा परत ठेवला आणि मग हात टेकले.

"काका, तुमच्या मनातला पिंजरा बाजारात नाही मिळायचा," तो म्हणाला. "वाढवणला धाकलीबायकडे एक आहे. तिच्या नवऱ्याने होडीच्या सामानातून बनवलेला. तेवढा बघून या."

आपल्याला कटवण्यासाठी तो हे सांगतोय हे श्यामकांतरावांना कळत होतं. तरी ते रिक्षा करून गेले.

२

धाकलीबाय एकटीच राहत होती. बाहेरच्या भिंतीवर बंदराच्या विरोधातली घोषणा रंगवलेली, अंगणात बोंबील वाळत घातलेले. पिंजऱ्याचं नाव काढताच ती पदराला हात पुसून त्यांना आत घेऊन गेली.

पिंजरा मधल्या खोलीत टांगलेला होता. स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ बसवलेल्या सळ्या, खाली सागवानी तळ, बाजूला उघडणारं दार आणि त्याला होडीवर असते तशी भक्कम कडी. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब दांडी, वापरून गुळगुळीत झालेली. श्यामकांतरावांनी मोजपट्टी लावली, सळ्या हलवून पाहिल्या, दार दहादा उघडलं आणि मिटलं. खोट काही सापडेना. आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे त्यांना आनंद होण्याऐवजी जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

"यातला पोपट कधी गेला?"

"कवाच गेला," धाकलीबाय म्हणाली. "आमचा तांडेल होता तवाच."

तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याचा, भिंतीवरचा फोटो धुराने काळवंडला होता. पिंजऱ्यावर मात्र धुळीचा कण नव्हता. सळ्यांना दोन वाट्या अडकवलेल्या होत्या आणि दोन्हींत ताजं पाणी होतं. गिऱ्हाईक येणार म्हणून बाईने भरून ठेवलं असेल, श्यामकांतरावांनी मनाशी म्हटलं. आपण येणार हे तिला कोणी सांगितलं होतं, हा पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

ती उंबरगावला मुलीकडे राहायला चालली होती. "जावाय चांगला हाय, पन घर लहान. हा तिथं मावत नाय. कोनाला द्यावा म्हनून जीव लागून राहिला होता."

पैसे घ्यायला ती तयार होईना. फुकटच्या वस्तूचा श्यामकांतरावांना फार संशय. त्यांनी पुन्हा पुन्हा आग्रह केला, तशी ती हातानेच नको म्हणाली. शेवटी घरी न्यायला घेतलेली चिकूंची पेटी त्यांनी तिच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

पिंजरा खाली काढताना तिने एका वाटीतलं पाणी परसात ओतलं. दुसरीतलं ओतलं नाही. मग आतून मूठभर तांदूळ आणून तळावर टाकले.

"रिकामा देऊ नये," ती म्हणाली.

शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत करायचा नसतो. प्रभाबाई चिमूटभर साखर तरी घालून द्यायच्या. ही रीत श्यामकांतरावांना ठाऊक होती, म्हणून त्यात त्यांना वावगं काही दिसलं नाही. रिक्षावाल्याने दुसऱ्या बाजूने हात लावला आणि "वजन आहे हो" म्हणत पिंजरा मागच्या सीटवर चढवला. धाकलीबाय जवळ आली, सळ्यांवर तळवा ठेवून उभी राहिली.

"जा," ती हळूच म्हणाली. "चांगली मानसं हायत. उपकार झाले."

श्यामकांतरावांनी मान डोलावली. मग त्यांच्या ध्यानात आलं की ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

३

पिंजरा मधल्या खोलीच्या तुळईला टांगला. पंतांनी आत जायला आढेवेढे घेतले. दारात बसून तुरा उभारायचे, आत डोकवायचे, परत श्यामकांतरावांच्या मनगटावर यायचे. मग एके सकाळी आपण होऊन आत गेले आणि दांडीच्या अगदी उजव्या टोकाला, सळ्यांना चिकटून बसले.

तिथेच बसू लागले. एवढी लांबलचक दांडी, पण पंत कधी मध्यभागी आले नाहीत. दाणे खायला दुसऱ्या टोकाला जायचं झालं तर दांडीवरून न जाता सळ्यांना धरून मागून वळसा घालून जायचे. श्यामकांतरावांनी दांडी काढून उलटी बसवली. पंतांनी वळसा सोडला नाही.

"सवय झाली की येतील मध्ये," श्यामकांतराव म्हणाले.

त्या पावसाळ्यात प्रभाबाई शाळेच्या पडवीत घसरल्या होत्या. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि वैद्यकीय रजा घ्यावी लागली. पाय सरळ ठेवून मागच्या खोलीत खाटेवर पडायचं, उठायचं झालं तर कोणीतरी बगलेत हात घालून उठवायचं. नवऱ्याचा हात धरून खोलीतून अंगणात यायलासुद्धा त्यांना वेळ लागायचा, आणि त्या घराचे उंबरठे जुन्या पद्धतीचे, चांगले उंच. एकट्याने ते ओलांडणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. पण तोंड शाबूत होतं. खाटेवरून त्या पंतांना पाढे शिकवायच्या आणि पंत शीळ घालून उत्तर द्यायचे. घर असं बोलकं झालेलं श्यामकांतरावांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. पिंजऱ्यामुळेच हे सुख आलं असं त्यांना उगाचच वाटायचं.

बुधीने एकदा केर काढताना वर बघितलं.

"बाबा, तो जागा कुनाला ठेवतो?"

"कोण?"

"तो. दाटीत बसल्यागत बसतो बघा. बाजूला कुनी असल्यासारखा."

श्यामकांतराव हसले. मग तिची पाठ वळल्यावर त्यांनी बघितलं. तिचं खरं होतं. भरलेल्या बाकावर माणूस अंग चोरून बसतो, तसेच पंत बसले होते.

४

श्यामकांतरावांचा विश्वास हिशेबावर होता. देवळात गेले तरी ते चपला सांभाळायला बाहेर थांबत. तेव्हा त्यांनी डोळसपणे तपास सुरू केला. दोन्ही वाट्यांवर पाण्याच्या पातळीला स्केचपेनने खूण केली. पंत प्यायचे ती उजवी वाटी. डावीला ते चोच लावत नसत, आणि डावीतलं पाणी रोज उतरत होतं. उन्हाने आटतं, असं त्यांनी ठरवलं. मग त्याच उन्हाने उजवीतलं तेवढं का आटत नाही, असा प्रश्न पडला, तेव्हा खिडकी डावीकडे आहे असं उत्तर मिळालं. खिडकी उजवीकडे होती. हे त्यांना संध्याकाळी चहा पिताना दिसलं आणि त्यांनी कपाची जागा बदलून दुसरीकडे तोंड केलं.

दिवाळी उलटली आणि जमीन हलू लागली.

पहिला धक्का दुपारी बसला. त्याच्या आधी श्यामकांतराव मधल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. दाराची कडी 'टक' वाजली. त्यांनी मान वर केली. पंत तुरा उभारून कोपऱ्यात घुसले होते आणि पिंजरा डावीकडे कलला होता. झुलत नव्हता, नुसता कललेला. त्या बाजूला कोणीतरी भार टाकून वाकावं तसा तो कलला आणि तसाच राहिला. श्यामकांतराव उठले, हात लावून सरळ करावा म्हणून पुढे झाले, तेवढ्यात जमिनीखालून गुरगुर आली, भांडी वाजली, कौलं खडखडली. ते धावत मागे गेले आणि प्रभाबाईंना कवेत घेऊन बाहेर ओढू लागले. उंबरठ्यापर्यंत पोचेतो सगळं थांबलंही होतं.

गाव अंगणात जमलं होतं. जो तो आपापल्या घरातलं काय पडलं ते सांगत होता. श्यामकांतराव दारातून उंबरठ्याकडे बघत होते. धक्का थांबला म्हणून आपण वाचलो, हे त्यांना लख्ख कळलं होतं. घर पडायला लागलं असतं तर प्रभा उंबरठ्याच्या आतच राहिली असती.

५

मग रोजचंच झालं. डहाणू आणि तलासरीकडच्या पाड्यांतली माणसं रात्री बाहेर तंबूत झोपू लागली. शाळा झाडाखाली भरू लागली. सायवनपासून इकडे सगळीकडे तेच बोलणं. कोणी पेल्यावर पेला रचून ठेवला, कोणी बाटली उलटी उभी केली. पडली की पळायचं. रात्री सगळे बाहेरच असल्यामुळे रात्रीची चिंता नव्हती. श्यामकांतरावांना भीती होती ती दिवसाची. दुपारी तंबू तापायचा, प्रभाबाईंना पाय सरळ करायला खाट लागायची, आणि खाट होती मागच्या खोलीत, जिच्या भिंतीला छतापासून चीर गेली होती.

"वापीला या. आजच्या आज या," रश्मी फोनवर रडकुंडीला यायची.

"माझी मुलं इथे झाडाखाली बसतात, आणि मी तेवढी पळून येऊ?" प्रभाबाई म्हणायच्या. दोनचार पोरं रोज त्यांच्या अंगणात गणितं घेऊन येत, आणि त्या खुर्चीतून ती तपासत.

पेले-बाटल्या धक्का बसल्यावर पडायच्या. पिंजरा आधी कलायचा. कडी वाजायची, पिंजरा डावीकडे झुकायचा आणि चहा गाळून होईल एवढा वेळ मिळायचा. तेवढा वेळ पुरे होता. श्यामकांतराव प्रभाबाईंना उठवत, उंबरठे ओलांडवत, चिंचेखालच्या बाकड्यावर आणून बसवत. त्या बसल्या की जमीन हलायची. एकदाही चूक झाली नाही.

"तुम्हाला आधीच कसं कळतं हो?" प्रभाबाईंनी विचारलं.

"पक्ष्यांना कळतं," ते म्हणाले. "पंत अस्वस्थ होतात."

त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. पेपरातही तसं आलं होतं. मग एका दुपारी पंत अंगणात प्रभाबाईंच्या खांद्यावर बसून पाढे ऐकत होते आणि श्यामकांतराव रिकामा पिंजरा पुसायला आत आले. त्यांचा हात सळीवर होता. पिंजरा त्यांच्या हाताखालीच हळूहळू डावीकडे कलला. त्यांनी सरळ धरायचा प्रयत्न केला. धरवेना. दांडी मध्यभागी खाली वाकली होती. अंगणात पंत शीळ घालत होते. मग कडी आपल्या आपण वर उचलली गेली आणि पडली. टक.

श्यामकांतराव बाहेर पळाले. धक्का बसला, गेला. नंतर बराच वेळ ते ओट्यावर बसून होते. पिंजरा उचलावा आणि खाडीत नेऊन टाकावा असं एक मन म्हणत होतं. समोर प्रभाबाई एका पोरीची बाळबोध चूक हसून दुरुस्त करत होत्या. त्यांच्या कानामागे खडूचा पांढरा डाग होता. श्यामकांतराव त्या डागाकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या मनातली भीती बाजूला होऊन तिथे दुसरंच काहीतरी भरून आलं. इतकं की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

ते उठून आत गेले. पिंजऱ्यासमोर उभे राहिले. तिकीट खिडकीमागे जन्म गेलेल्या माणसाला आभार ऐकायची सवय नसते, मानायची तर त्याहून नसते.

"फार उपकार आहेत," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "तिला जप. मला एकट्याला होत नाही."

डावीकडच्या वाटीत त्यांनी नवं पाणी भरलं. त्या दिवसापासून दाणेही दोन ठिकाणी ठेवू लागले. प्रभाबाईंना सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, आणि सांगून त्या घरात पुन्हा निजल्या असत्या का?

६

मागच्या भिंतीची चीर रुंदावून त्यातून उजेड दिसायला लागला तेव्हा प्रभाबाईंनीच विषय काढला. डहाणूला त्यांच्या भावाची एक खोली रिकामी होती. गुडघा बरा होईपर्यंत तिथे जाऊ, त्या म्हणाल्या. श्यामकांतरावांनी सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो ठरवायला ते तलासरीला गेले. बुधीला सोबतीला बसवलं, खुर्ची चिंचेखाली ठेवली, पंतांना प्रभाबाईंच्या खांद्यावर बसवलं आणि बजावून सांगितलं, "बाईंना आत जाऊ द्यायचं नाही."

टेम्पोवाला भेटायला वेळ लागला. सामान बांधायला दोरी घेतली, भाजी घेतली, पंतांसाठी राळे घेतले. जीपमध्ये बसताना त्यांच्या मनात आलं, आज कितीतरी दिवसांनी आपण पिंजऱ्यापासून लांब आहोत. आणि मग आलं, आज कडी वाजली तर ऐकायला घरात कोण आहे?

वेवजी यायच्या थोडं आधी जीप रस्त्यावर आडवी सरकली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. आधी वाटलं टायर गेला. मग बाजूच्या शेतातला विजेचा खांब हलताना दिसला आणि लांब कुठेतरी माणसांचा एकच गलका उठला. हा आतापर्यंतचा मोठा होता. संपला असं वाटेपर्यंत पुन्हा यायचा.

श्यामकांतराव उतरले आणि दोन्ही हातांत पिशव्या तशाच घेऊन धावत सुटले. वाटेत बुधी समोरून पळत येताना दिसली, कडेवर तिचं लेकरू.

"बाई कुठे?"

"आत हायत!" ती रडायला लागली. "ऊन लागलं म्हनून मीच धरून आत निजवल्या. जमीन हलली, माझी पोरं घरी एकली, मी पळाले, बाबा, मी पळाले..."

तिला काही बोलण्यासारखं नव्हतं. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. श्यामकांतराव तिला ओलांडून पुढे गेले. वळणावरून घर दिसलं. पुढची कौलं जागेवर होती. मागच्या खोलीच्या जागी धूळ होती, आणि धुळीच्या वर आभाळ.

७

प्रभाबाई चिंचेखाली बाकड्यावर बसल्या होत्या.

केस विस्कटलेले, अंगावर मातीचा थर, पाय एकच अनवाणी. मांडीवर पंत, तुरा अगदी सपाट पाडून. पण बसल्या होत्या. श्यामकांतराव चार हातांवर थांबले.

"किती जोरात ओढता हो!" प्रभाबाई म्हणाल्या. डोळ्यांत माती गेल्याने त्यांनी ते घट्ट मिटले होते आणि पदराने पुसत होत्या. "दोन्ही उंबरठ्यांवर गुडघा आपटला. ओरडले, तर ऐकायलाच तयार नाही. एक शब्द बोलला नाहीत तुम्ही. नुसतं दंडाला धरून फरफटत आणलंत. भिंत मागोमाग आली, पदराला लागली माझ्या. आणखी एक पाऊल मागे असते ना, तर..."

त्यांचा पदर डोळ्यांवरच राहिला.

"प्रभा," श्यामकांतराव म्हणाले.

"आता सोडा ना पण. रग लागली दंडाला."

श्यामकांतरावांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उजव्या हातात दोरीची पिशवी होती, डाव्या हातात भाजीची.

मग त्यांनी तिच्या दंडाकडे पाहिलं. ब्लाउजची बाही खांद्याखाली आवळली गेली होती. कापडाला खोल वळ्या पडल्या होत्या. पुढच्या बाजूने दोन. मान किंचित कलती करून त्यांनी मागे पाहिलं, तिकडेही दोन. प्रत्येक वळी माणसाच्या बोटापेक्षा लांब होती, आणि बाहीच्या कडेखाली मांस दबून पांढरं पडलं होतं. मांडीवर पंतांनी पंजाने तिचं बोट धरलं होतं, पुढून दोन नख्या, मागून दोन. बाकड्यावर, तिच्या डाव्या अंगाला, कोणी नव्हतं. उन्हाचे कवडसे फळीवर पडत होते, आणि एका जागी पडत नव्हते.

आयुष्यभर जिथे तिथे कारण शोधून देणारी त्यांची बुद्धी आता काही म्हणेना. ओरडावंसं वाटलं. पाय मागे सरत होते. पण प्रभा जिवंत होती, बोलत होती, त्यांच्यावर चिडत होती, आणि ते ज्याच्यामुळे, तो तिला धरून बसला होता.

"सोड," श्यामकांतराव दबल्या आवाजात म्हणाले. "मी आलोय आता. सोड तिला."

वळ्या सैल झाल्या नाहीत. उलट आणखी आवळल्या.

"आई गं!" प्रभाबाई कळवळल्या. "सोड काय म्हणता? अरेतुरे कोणाला करताय?"

ते पुढे झाले, पिशव्या टाकल्या, आणि तेवढ्यात पायाखालची जमीन पुन्हा हलली. चिंचेचा पाला झडला. उरलेल्या घराची पुढची कौलं सरकत येऊन ओट्यावर फुटली आणि एक तुकडा प्रभाबाईंच्या पायाजवळ येऊन पडला. त्या दचकून उठायला गेल्या असत्या, पण उठल्या नाहीत. कोणीतरी जागच्या जागी दाबून बसवल्यासारख्या बसून राहिल्या. मग सगळं शांत झालं. लांबून कुत्र्यांचं भुंकणं येऊ लागलं.

बाही हळूच फुलली. पुढच्या दोन वळ्या गेल्या, मग मागच्या दोन. प्रभाबाईंनी दंड चोळला आणि एकदाचे डोळे उघडले.

"हात केवढे गार पडलेत तुमचे," त्या म्हणाल्या.

श्यामकांतराव त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले. दोन्ही हात त्यांच्या हातात दिले. ते घामाने भिजलेले आणि गरम होते. प्रभाबाईंनी ते धरून ठेवले, उलटे करून बघितले.

"तुम्ही नसतात तर मी मेले असते हो," त्या म्हणाल्या आणि मग मात्र त्यांना रडू फुटलं.

ते आभार श्यामकांतरावांचे नव्हते. खरं सांगावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर तिला या जन्मात कुठल्याच खोलीत झोप लागली नसती. त्यांनी तिचं डोकं थोपटलं, रडू दिलं. मग तिच्या खांद्यावरून डावीकडच्या त्या मोकळ्या फळीकडे बघून त्यांनी हात जोडले, मनापासून जोडले, आणि डोळ्यांतलं पाणी थांबवलं नाही.

"कोणाला हात जोडताय?" प्रभाबाईंनी विचारलं.

"देवाला."

एरवी त्या खो खो हसल्या असत्या. आज हसल्या नाहीत. त्यांनी डावीकडे वळून बघितलं, जरा वेळ बघत राहिल्या, आणि पंतांना छातीशी धरून बाकड्यावर हळूच उजव्या टोकाला सरकल्या.